बॅटरीच्या टर्मिनलवरची पावडर पुसली तरी पुन्हा येते: मूळ कुठे शोधायचे?

तक्रार साधारण अशी असते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर-हिरवी पावडर साचते. गरम पाणी ओतून, ब्रशने घासून टर्मिनल चकचकीत केले जाते आणि वरून ग्रीस फासले जाते. काही आठवडे बरे जातात, मग पावडर पुन्हा डोके वर काढते. क्लॅम्प बदलून होतो, केबल बदलून होते, शेवटी वैतागून बॅटरीच बदलली जाते. तरीही थोड्या महिन्यांत नव्या बॅटरीवर तीच पावडर दिसते.

बॅटरी गाडीतली असो, इन्व्हर्टरची असो की जनरेटरची, पावडर होण्यामागचे रसायन एकच आहे. सफाई करून आपण त्या रसायनाचा शेवटचा पदार्थ पुसतो. अ‍ॅसिड बाहेर का येते, ही गोष्ट तशीच राहते. म्हणून सफाई करायची ती सर्वांत शेवटी. त्याआधी पावडर नीट पाहायची आणि मल्टिमीटर हातात घ्यायचा. घाईने धुऊन टाकलेली पावडर म्हणजे धुऊन टाकलेला पुरावा असतो.

पावडर नेमकी कशाची आहे?

बॅटरीतले द्रव म्हणजे पाण्यात मिसळलेले सल्फ्युरिक अ‍ॅसिड. ते ज्या धातूला लागेल त्या धातूचा सल्फेट तयार होतो, आणि रंगावरून धातू ओळखता येतो.

घट्ट, पांढरी, पाण्यात न विरघळणारी पावडर ही शिशाचा सल्फेट असते. ती टर्मिनलच्या खांबातून किंवा शिशाच्या क्लॅम्पमधून येते. निळी किंवा निळसर-हिरवी म्हणजे तांब्याचा सल्फेट, आपला ओळखीचा मोरचूद. तो तांब्याच्या तारेतून, लगमधून (तारेच्या टोकाला बसवलेल्या जोडपट्टीतून) किंवा पितळी क्लॅम्पमधून निघतो. तांबूस-तपकिरी थर दिसला तर बोल्ट, नट किंवा वायसर लोखंडी आहे. पांढरी पण पाण्यात पटकन विरघळणारी पावडर असेल तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या भागातून आलेला जस्ताचा सल्फेट. दुसरी म्हणजे मागच्या सफाईत वापरलेल्या खाण्याच्या सोड्याचे अवशेष. या दुसऱ्या शक्यतेकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. सोडा अ‍ॅसिडशी मिळून सोडियम सल्फेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो. तो सोडियम सल्फेट पुरेशा पाण्याने धुतला गेला नाही, तर सुकल्यावर पांढरा थर होऊन बसतो आणि लोकांना वाटते, पावडर दोन दिवसांत परत आली.

गरम पाणी ओतल्यावर निळे निघून जाते आणि पांढरे का चिकटून राहते, याचेही उत्तर इथेच आहे. मोरचूद पाण्यात भरपूर विरघळतो. शिशाचा सल्फेट मात्र एका लिटर पाण्यात जेमतेम ०.०४ ग्रॅम विरघळतो. तो पाण्याने जात नाही, खरवडावाच लागतो.

हे खरवडण्याचे काम कोरडे असताना कधीही करू नका. शिशाचे संयुग श्वासातून किंवा हाताला लागून पोटात जाणे घातक आहे, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. पावडर आधी ओली करायची, ओल्या फडक्यात गोळा करायची आणि ते फडके पुन्हा दुसऱ्या कामाला वापरायचे नाही.

प्लस टर्मिनलवर जास्त का?

रसायनाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत मनोरंजक आहे, आणि निदानासाठी सर्वांत उपयोगाचाही.

तांबे विरल सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये आपोआप विरघळत नाही. प्रमाण विद्युत विभवांच्या यादीत तांब्याचा आकडा +०.३४ व्होल्ट आहे, म्हणजे हायड्रोजनच्या वर. त्यामुळे विरल अ‍ॅसिडमधला हायड्रोजन तांब्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेऊ शकत नाही. तांबे विरघळायचे असेल तर हवेतल्या ऑक्सिजनची मदत लागते, किंवा बाहेरून कोणीतरी इलेक्ट्रॉन ओढून घ्यावे लागतात. बॅटरीच्या माथ्यावर या दोन्ही गोष्टी उपलब्ध असतात.

माथ्यावर अ‍ॅसिडचा सूक्ष्म तुषार बसतो, त्यावर धूळ बसते, आणि दोन्ही मिळून एक ओलसर थर होतो. हा थर वीज वाहून नेतो. त्याच्या एका टोकाला प्लस टर्मिनल, दुसऱ्या टोकाला मायनस, आणि दोन्हींमध्ये १२ व्होल्टचा दाब. म्हणजे बॅटरीच्या डोक्यावर एक छोटासा विद्युत अपघटनाचा सेल आपोआप तयार झाला, आणि त्याला वीज पुरवते ती स्वतः बॅटरीच. या बाहेरच्या सेलमध्ये प्लस टर्मिनलचा धातू इलेक्ट्रॉन गमावतो, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि तो सल्फेट बनून बाहेर पडतो. मायनस बाजूला क्षपण होते, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळतात, आणि तिथला धातू उलट थोडा सुरक्षित राहतो. म्हणून मोरचुदाचा मोठा गोळा बहुधा प्लसवर सापडतो.

हे फक्त पुस्तकातले नाही, मोजून पाहता येते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी सुई मायनस टर्मिनलवर टेकवा आणि लाल सुई बॅटरीच्या प्लास्टिकच्या माथ्यावर हलकेच फिरवा. स्वच्छ, कोरड्या माथ्यावर आकडा शून्याच्या आसपास राहतो. थर असेल तर एखाद्या व्होल्टपर्यंत किंवा त्याहून वर आकडा दिसतो आणि प्लसच्या जवळ जाताना तो वाढत जातो. असा आकडा दिसला तर दोन गोष्टी कळल्या: माथ्यावरून वीज गळते आहे, आणि बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते आहे.

मायनस टर्मिनलवर पावडर म्हणजे चार्जिंग कमी आणि प्लसवर पावडर म्हणजे चार्जिंग जास्त, असा एक आडाखा पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. त्यावर विसंबू नका. चार्जिंग योग्य असतानाही वरच्या कारणाने प्लसवर पावडर येतेच. मायनसवर मोरचूद दिसला तर मी आधी केबलकडे पाहतो. अ‍ॅसिड केशाकर्षणाने तारांच्या बारीक पेडांमधून वर चढते, आणि आवरणाच्या आत हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने तांबे खाऊ लागते. आवरण बोटांनी दाबून पाहा. आत कुरकुर लागली किंवा फुगवटा जाणवला, तर तेवढा भाग कापून चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे जावे लागेल. वरून लग घासून या केबलचे काही होणार नाही.

अ‍ॅसिड बाहेर येते कसे?

ही खरी चौकशी. वाटा चारच आहेत: वायूच्या बुडबुड्यांबरोबर तुषार होऊन, बुचांमधून सांडून, टर्मिनलच्या खांबाच्या मुळाशी असलेल्या सीलमधून झिरपून, किंवा कवचाच्या तड्यातून. शेवटची वाट दुर्मीळ असते आणि डोळ्यांनी दिसते, म्हणून ती बाजूला ठेवतो.

आधी तुषार. चार्जिंग होताना दोन्ही प्लेटांवरचा शिशाचा सल्फेट पुन्हा शिसे आणि शिशाच्या डायऑक्साइडमध्ये बदलतो. तो संपत आला की चार्जरकडून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना दुसरे काम उरत नाही आणि ते पाणी फोडू लागतात. तसे पाहिले तर पाणी फुटायला १.२३ व्होल्ट पुरतात आणि लेड-अ‍ॅसिड सेल स्वतःच २ व्होल्टच्या वर असतो. मग तो पडल्या पडल्या आतले पाणी का फोडत नाही? कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटणे फार अवघड असते. त्यासाठी बराच जादा दाब, म्हणजे अतिविभव लागतो. गास्ताँ प्लाँतेने १८५९ मध्ये ही बॅटरी केली. ती आजवर टिकून आहे यात शिशाच्या या गुणाचा वाटा फार मोठा आहे. प्रत्येक सेलवर २.३५ ते २.४ व्होल्टच्या आसपास दाब गेला की मात्र बुडबुडे जोरात सुरू होतात. सहा सेलच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी हा आकडा १४.१ ते १४.४ व्होल्ट होतो.

किती वायू? फॅरडेच्या नियमाने हिशोब सरळ आहे. एक अँपिअर-तास जादा चार्ज गेला की प्रत्येक सेलमधले ०.३३६ ग्रॅम पाणी फुटते. एक अँपिअरचा जादा प्रवाह दिवसभर चालू राहिला तर दर सेलमागे ८ ग्रॅम, सहा सेलमागे जवळपास ४८ ग्रॅम पाणी गेले. त्यातून सामान्य तापमानाला सुमारे ६५ लिटर हायड्रोजन आणि ३२ लिटर ऑक्सिजन निघतो. हा प्रत्येक बुडबुडा फुटताना अ‍ॅसिडचे कण उडवतो आणि ते बुचांच्या छिद्रांतून बाहेर येऊन माथ्यावर बसतात. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. त्यामुळे बॅटरीची जागा बंदिस्त असेल तर पावडरीपेक्षा वायुवीजनाची काळजी आधी करा.

(याच अभिक्रियेला उलट दिशेने चालवले की इंधन सेल होतो. विल्यम ग्रोव्हने १८३९ च्या सुमारास प्लॅटिनमच्या पट्ट्या विरल सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज मिळवली होती. तिथे दोन वायूंचे पाणी होताना वीज मिळते. इथे वीज खर्चून आपण पाण्याचे वायू करतो आणि बदल्यात गंज घेतो.)

आता मोजायचे काय? बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, चार्जर किंवा इंजिन चालू असताना, थेट टर्मिनलच्या खांबांवर व्होल्टेज घ्या. साध्या, पाणी घालायच्या गाडीच्या बॅटरीला १३.८ ते १४.४ व्होल्ट ठीक. १४.८ च्या वर आकडा सतत राहत असेल तर रेग्युलेटर किंवा चार्जर तपासायला हवा. अलीकडच्या काही गाड्यांमध्ये चार्जिंग संगणक ठरवतो आणि तो थोडा वेळ मुद्दाम जास्त व्होल्टेज देतो, त्यामुळे अशा गाडीत एका क्षणाच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका, गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा पाहा. कायम जोडलेल्या बॅटरीवर, म्हणजे इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर, फ्लोटचा, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच राखण्यासाठी चार्जर देतो त्या व्होल्टेजचा, आकडा महत्त्वाचा. बॅटरी भरल्यावरही चार्जर १४.४ वरच अडकून बसला असेल, तर पावडरीचे मूळ सापडले.

तापमान विसरू नका. २५ अंश सेल्सिअसला योग्य असलेले व्होल्टेज ४० अंशाला जास्त ठरते. दर अंशाला दर सेलमागे सुमारे ३ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. १५ अंशांच्या फरकाला सहा सेलमागे हे ०.२७ व्होल्ट होतात. तापमान पाहून व्होल्टेज बदलणारा चार्जर नसेल आणि बॅटरी गरम जागेत असेल, तर वर्षातला काही काळ ती रोज थोडी जास्त चार्ज होत राहते. पावडर फक्त गरम दिवसांतच येते, असे लक्षात आले असेल तर इथेच पाहा.

व्होल्टेज बरोबर, तरीही पावडर

हा प्रसंग लोकांना सर्वांत जास्त फिरवतो. चार्जरवर १४.२ किंवा १४.४ दिसतात, सगळे ठीक वाटते, पण बुचांतून फसफस ऐकू येते. अशा वेळी एकूण व्होल्टेज पाहून उपयोग नाही, ते सेलांमध्ये कसे वाटले गेले आहे हे पाहायला हवे.

समजा सहापैकी एक सेल आतून शॉर्ट झाला आहे. तळाशी साचलेल्या गाळाने प्लेटा जोडल्या गेल्या किंवा प्लेटांमधला विभाजक फाटला. चार्जर तर १४.४ व्होल्टच देतो आहे. पण आता ते पाच सेलांत वाटले जातात, दर सेलला २.८८ व्होल्ट. हे पाचही चांगले सेल प्रचंड वायू सोडतात, अ‍ॅसिड उडवतात आणि पाणी भराभर गमावतात. चार्जर निर्दोष, टर्मिनल निर्दोष, तरी पावडर महापूर आल्यासारखी.

ओळखायचे असे: बॅटरी चार्जरपासून आणि लोडपासून सोडवून काही तास ठेवा, मग व्होल्टेज घ्या. निरोगी, भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. भरपूर चार्जिंग करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकला तर एक सेल गेला आहे. बुचे उघडता येत असतील तर हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक सेलमधल्या द्रवाची घनता घ्या. भरलेल्या गाडीच्या बॅटरीत ती साधारण १.२६ ते १.२८ असते, इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत थोडी कमी ठेवलेली असते. मूळ आकड्यापेक्षा सेलांमधला फरक जास्त बोलतो. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलमध्ये ०.०५ पेक्षा जास्त तफावत असेल, तर खालचा सेल संशयित. नुकतेच पाणी घातले असेल तर मात्र घनता घेऊ नका. ते वर तरंगत राहते आणि आकडा फसवतो. एक पूर्ण चार्जिंग होऊ द्या.

दुसरे कारण सल्फेशन. बॅटरी बरेच दिवस अर्धवट चार्ज राहिली की प्लेटांवरचा सल्फेट मोठ्या, कडक स्फटिकांत बदलतो आणि चार्जिंगला दाद देत नाही. वापरण्याजोगा पृष्ठभाग कमी उरल्याने चार्जरचा प्रवाह लवकरच पाणी फोडण्याकडे वळतो. म्हणजे कमी चार्ज होणारी बॅटरीसुद्धा वायू सोडते आणि पावडर आणते. आडाखे चुकतात ते यामुळेच.

तिसरे कारण वय. अनेक बॅटऱ्यांच्या प्लस बाजूच्या जाळीत शिशाबरोबर अँटिमनी असते. जाळी गंजत जाते तशी ती सुटते, द्रवातून प्रवास करते आणि मायनस प्लेटवर बसते. तिथे हायड्रोजन सुटणे सोपे होते, शिशाने दिलेला अतिविभवाचा आधार कमी होतो. म्हणून तोच चार्जर, तीच जागा, तेच व्होल्टेज असताना म्हातारी होत जाणारी बॅटरी जास्त पाणी पिते आणि जास्त तुषार सोडते. नळाचे पाणी घातले की हेच काम झपाट्याने होते. त्यातले लोह एका प्लेटवर इलेक्ट्रॉन देते, दुसऱ्या प्लेटवर घेते आणि बॅटरी आतल्या आत उतरवत राहते. क्लोराइड जाळी खाते. डिस्टिल्ड वॉटरचा आग्रह याचसाठी असतो, आणि तो रास्त आहे. एकदा आत गेलेले लोह पुन्हा काढता येत नाही.

सांडणे आणि झिरपणे

पाणी गळ्यापर्यंत भरणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक. चार्जिंग होताना द्रवात बुडबुडे असतात, पातळी वर चढते, आणि जादा द्रव बुचांतून बाहेर येतो. बाहेर गेले ते अ‍ॅसिड, आत भरता ते पाणी. असे वारंवार झाले की घनता कायमची खाली येते आणि मग कोणीतरी वरून अ‍ॅसिड घालायचा सल्ला देतो. तो मानू नका. किती अ‍ॅसिड गेले ते आपल्याला ठाऊक नसते, आणि सल्फेशनमुळे घनता उतरलेली असेल तर अ‍ॅसिड घालून ती आणखी बिघडते. पाणी पूर्ण चार्जिंगनंतर, खुणेपर्यंतच भरायचे. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढे आधी घालायचे, बाकी चार्जिंगनंतर.

सीलमधून झिरपणे ओळखायला सोपे आहे, कारण पावडर एकाच टर्मिनलच्या मुळाशी, खांब प्लास्टिकमधून बाहेर येतो तिथेच उगवते आणि बाकी माथा कोरडा असतो. सगळे धुऊन, पूर्ण सुकवून, बुचे घट्ट लावून खांबाच्या मुळाशी सोड्याच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. पुढच्या एक-दोन दिवसांच्या वापरानंतर पुन्हा ठेवा. तिथेच फेस आला आणि इतरत्र आला नाही, तर अ‍ॅसिड खालून येते आहे. हे बहुधा प्लसवर होते. तिथले शिसे सतत ऑक्सिडीकरणाच्या स्थितीत असते. हळूहळू त्याचा डायऑक्साइड बनतो, तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि सीलवर दाब देत त्याला फोडतो. क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवणे किंवा पान्याने ओढून काढणे हेही सील फुटायचे एक कारण. ठोकू नका. क्लॅम्प बसत नसेल तर त्याचे तोंड थोडे उघडा, आणि अडकला असेल तर क्लॅम्प-पुलर वापरा.

ढिला क्लॅम्प वेगळा लिहायला हवा, कारण तो परिणामही आहे आणि कारणही. समजा पावडरीमुळे जोडाचा रोध ०.०१ ओहम झाला. स्टार्टर १५० अँपिअर ओढतो तेव्हा तिथे १.५ व्होल्ट बुडतात आणि २२५ वॉट उष्णता तयार होते, एका छोट्या जोडावर. खांब तापतो, प्लास्टिक नरमते, सील सैल होते, अ‍ॅसिड वर येते, पावडर वाढते, रोध आणखी वाढतो. चार्जिंगच्या वेळीही ३० अँपिअरला ०.३ व्होल्ट वाटेतच जातात, बॅटरी अर्धवट भरते आणि सल्फेशनला वाट मिळते. तपासण्यासाठी लोड चालू असताना मल्टिमीटरची एक सुई टर्मिनलच्या खांबावर आणि दुसरी क्लॅम्पवर ठेवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर जोड खराब. बाहेरून चकचकीत दिसणारा क्लॅम्पही या चाचणीत पकडला जातो.

सील्ड बॅटरी असेल तर

पाणी घालता न येणाऱ्या व्हॉल्व्ह-रेग्युलेटेड बॅटरीत प्लसवर सुटलेला ऑक्सिजन मायनसवर जाऊन पुन्हा पाणी होतो. अशा बॅटरीवर पावडर दिसणे हे जास्त गंभीर लक्षण आहे. एकतर सील फुटले आहे, किंवा चार्जिंग इतके जास्त आहे की व्हॉल्व्ह उघडतो आहे. गेलेले पाणी परत घालायची सोय नाही. फ्लोट १३.५ ते १३.८ व्होल्टमध्ये आहे का पाहा, साध्या बॅटरीचा चार्जर तिला लावलेला नाही ना ते पाहा. कवच फुगले असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता ती उतरवा.

रिमोट किंवा घड्याळातल्या अल्कलाइन सेलवर येणारी पांढरी पावडर ही वेगळीच गोष्ट आहे, पण प्रश्न वारंवार येतो म्हणून सांगतो. तिथले द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आम्लाच्या उलट. बाहेर आल्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा पोटॅशियम कार्बोनेट होतो. त्यावर सोडा चालत नाही. व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा, मग किंचित ओल्या कापडाने पुसा आणि सुकवा.

आता सफाई

कारण सापडले, दुरुस्त झाले, मग सफाई. हातमोजे आणि चष्मा घाला, अंगठी-कडे काढून ठेवा. चार्जिंग बंद करून थोडा वेळ जाऊ द्या, साचलेला हायड्रोजन निघून जाईल. मायनस ज्या गाडीच्या सांगाड्याला जोडलेली आहे, त्या गाडीत मायनस केबल आधी सोडायची आणि शेवटी जोडायची. प्लस सोडताना पाना सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाही.

बुचे घट्ट आहेत याची खात्री करा. सोडा आत गेला तर तो आतलेच अ‍ॅसिड खातो, म्हणून हे पाऊल हलक्यात घेऊ नका. एक कप पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा, पावडर आणि सगळा माथा त्याने ओला करा. फेस येणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावा. शिशाचा पांढरा थर ओला असतानाच तारेच्या ब्रशने काढा, क्लॅम्पच्या आतली बाजूही. मग स्वच्छ पाण्याने सोडा पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि सुकवा. माथ्यावरची मल्टिमीटरची चाचणी पुन्हा करा. आकडा शून्याजवळ आला की सफाई झाली. कोल्ड्रिंक ओतायचा उपाय टाळा. ते स्वतः आम्ल आहे, आणि मागे राहिलेली साखर धूळ आणि ओल धरून ठेवते.

क्लॅम्प कोरड्या धातूवर कोरडा बसवा, घट्ट करा, आणि मग वरून सगळीकडे पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. जेलीचे काम तुषार आणि हवा धातूपर्यंत पोचू न देणे एवढेच. खांबाभोवती अल्कली मुरवलेल्या नमद्याचा (फेल्टचा) वायसर घातला तर तुषाराचे अ‍ॅसिड तो काही काळ शोषून घेतो. फुटलेल्या सीलवर मात्र जेली आणि वायसर दोन्ही फक्त वेळ मारून नेतात.

डोळ्यात अ‍ॅसिड गेले तर निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. आधी सोडा शोधत बसू नका.

सफाईनंतर तारीख लिहून ठेवा, आणि सोबत चार आकडे: सोडवून ठेवलेल्या बॅटरीचे व्होल्टेज, चार्जिंगचे व्होल्टेज, जोडावरचा व्होल्टचा उतार, आणि उघडता येत असेल तर सहाही सेलांची घनता. पावडर पुन्हा आलीच तर हेच आकडे पुन्हा घ्या. चार्जिंगचे व्होल्टेज वाढले असेल तर चार्जर किंवा रेग्युलेटर पाहा. एकाच सेलची घनता घसरली असेल तर बॅटरी बदला. जोडावरचा उतार वाढला असेल तर क्लॅम्प किंवा केबल पाहा. सगळे आकडे जागच्या जागी असतील आणि पावडर एकाच खांबाच्या मुळाशी असेल, तर सील गेले आहे. अशी बॅटरी जुनी असेल तर बदला. हमीच्या मुदतीत असेल तर घासण्याआधी पावडरीचा फोटो काढा आणि आकड्यांसकट तक्रार द्या. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. पुनर्वापरासाठी परत घेणाऱ्यांकडेच द्या, कारण तिच्यातले जवळजवळ सगळे शिसे पुन्हा कामी येते.